शब्दचर्चा : नाताळ ‘घालवला’ की ‘केला’?

प्रश्न (सावंतवाडी)

आमच्या चर्चच्या वार्षिकासाठी मी एका लेखाचा मराठी अनुवाद करीत आहे. लेख एका अमेरिकन तरुणीचा आहे. ती मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची असून, धर्मप्रसाराच्या कामासाठी आईवडिलांना सोडून दूरच्या देशात गेली असताना आलेल्या पहिल्या नाताळाविषयी तिने लिहिले आहे. तेथील लोकांसह तिने गव्हाणी सजवली, आजाऱ्यांच्या घरी जाऊन नाताळची गाणी म्हटली आणि घरची आठवण येऊन ती रडलीही. तिच्या पहिल्या वाक्याचा अनुवाद मी असा केला आहे : ‘मिशनमध्ये सेवा देत असताना मी कुटुंबापासून दूर नाताळ घालवला.’ वाक्यात व्याकरणाची चूक दिसत नाही, तरीही घरातील वडीलधाऱ्यांना ते परके वाटते. नेमके काय खटकते आणि त्याऐवजी काय लिहावे?

उत्तर (वेंगुर्ले)

सर्वांत अधिक खटकते ते ‘घालवला’ हे क्रियापद. सुट्टी घालवतात, दुपार घालवतात, तेथे ते चालते. परंतु पैसा घालवला, अब्रू घालवली, हातची नोकरी घालवली, अशा वाक्यांतून गमावण्याचा अर्थही त्याला कायमचा चिकटलेला आहे. सणाला ते लावले की सण वाया गेल्याची छटा येते. मराठीत सण ‘करतात’. ‘यंदा दिवाळी कुठे केलीत?’, ‘गणपती गावी केले, दिवाळी मुंबईतच केली’, असे आपण सहज बोलतो, आणि आमच्याकडील ख्रिस्ती घरांतही ‘सुट्टी मिळाली नाही, म्हणून नाताळ तिथेच केला’ असेच ऐकू येते. या तरुणीने गव्हाणी सजवली, गाणी म्हटली, लोकांच्या दारी गेली. म्हणजे घरचे कोणी जवळ नसतानाही तिने सण पार पाडला. ‘केला’ म्हटल्याने तिच्या हातून झालेले हे सारे वाक्यात येते. ‘घालवला’ म्हटल्याने फक्त तारीख उलटते. तिच्या रडण्याचे दुःख या शब्दाने कमी होत नाही, उलट रडतारडता केलेला सण म्हणून ते अधिक खरे वाटते.

दुसरी गोष्ट ‘मिशनमध्ये’ या रूपाची. कोकणात ‘मिशन’ हा शब्द प्रथम जागेसाठी आणि संस्थेसाठी रुळला. मिशनचे हॉस्पिटल, मिशनची शाळा, मिशनचे आवार हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. त्यामुळे ‘तो मिशनमध्ये आहे’ असे ऐकताच तो त्या संस्थेत नोकरीला आहे असा अर्थ मनात येतो. ठरावीक मुदतीसाठी कामावर पाठवलेल्या माणसासाठी मराठीत ‘-वर’ हे शब्दयोगी अव्यय आहे : ड्युटीवर, दौऱ्यावर, मोहिमेवर, कामगिरीवर. किनारपट्टीवर तर ‘बोटीवर’ हा नमुना घरोघरी ठाऊक आहे. ‘धाकटा बोटीवर आहे’ एवढे म्हटले की तो करारावर गेला आहे, मुदत संपेपर्यंत येणार नाही आणि संपली की नक्की येईल, हे तिन्ही अर्थ ऐकणाऱ्याला कळतात. मॉर्मन पंथात तरुणांचे मिशन २४ महिन्यांचे आणि तरुणींचे १८ महिन्यांचे असते. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांना घरी फोन करण्याची मुभा साधारणतः नाताळ आणि मातृदिन या दोनच प्रसंगी होती. त्यानंतर ती दर आठवड्याला मिळाली. लेख त्याआधीचा असेल, तर तिच्या नाताळात त्या एका फोनचे स्थान किती मोठे असेल हे वाचकाला तळटिपेत अवश्य सांगावे. अशा मुदतीच्या कामासाठी ‘मिशनवर’ हेच योग्य आहे.

‘सेवा देणे’ टाळावे. सेवा करतात, ‘देणे’ हे अलीकडच्या जाहिरातींतून आले आहे.

प्रतिसाद (वसई)

‘केला’ मान्य आहे. ‘मिशनवर’ मात्र सर्वांना लावता येणार नाही. आमच्या वसईतून धर्मगुरू आणि धर्मभगिनी दूरच्या प्रांतांत जातात, त्यांना मुदत नसते. व्रत आयुष्याचे असते. त्यांच्याविषयी आम्ही ‘प्रेषितकार्यासाठी गेले’ असे लिहितो. ‘प्रेषित’ म्हणजे पाठवलेला, आणि ‘मिशन’ हा शब्दही लॅटिनमधील ‘पाठवणे’ या क्रियापदावरूनच आला आहे, तेव्हा हा अनुवाद अर्थाला अगदी धरून आहे. नव्या करारातील एका पुस्तकाचे मराठी नावच ‘प्रेषितांची कृत्ये’ असल्यामुळे तो वाचकांना नवाही नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन या धर्मसंघाचे बंधू झाले, मनिलाहून जपानला दुभाषी म्हणून गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांना ‘मिशनवर गेले होते’ असे म्हणणे मला तरी जड जाते.

पुन्हा वेंगुर्ल्याहून

आपले म्हणणे योग्य आहे आणि हा भेद अनुवादकाने कटाक्षाने पाळावा, असे मला वाटते. परतीची तारीख ठरलेली असेल तर ‘मिशनवर’. परतीचा प्रश्नच नसेल तर ‘प्रेषितकार्यात’. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले, नोव्हेंबरमध्ये त्यांनी वडिलांना प्रवासाची हकिगत सांगणारे पत्र लिहिले आणि १६१९ मध्ये येथेच देह ठेवला. मायदेशी ते परत गेले नाहीत. येशूच्या जन्माची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली आणि ते ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. त्यांचे सुमारे चाळीस नाताळ याच किनाऱ्यावर झाले. अशा माणसाविषयी ‘कुटुंबापासून दूर नाताळ घालवले’ असे लिहिले, तर ज्या भूमीला त्यांनी आपले मानले तिलाच आपण परकी ठरवू.

प्रश्नकर्त्यांच्या वाक्यातील ‘कुटुंबापासून दूर’ याविषयीही लिहायचे राहिले होते. ते चुकीचे नाही, पण त्यातून फक्त अंतर सांगितले जाते. सणाच्या दिवशी माणसाला उणीव जाणवते ती माणसांची, म्हणून ‘घरच्यांशिवाय’ हा साधा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. खाजगी पत्रातून एकाने ‘वनवासातला नाताळ’ असे सुचवले आहे. ते मुळीच घेऊ नये. वनवास भोगायला लावतात, आणि ही तरुणी आपण होऊन, आईवडिलांचा आशीर्वाद घेऊन गेलेली आहे. ‘चाकरमानी’ हाही येथे बसत नाही, कारण चाकरमानी सणाला घरी येतो. मिशनवरच्या माणसाला नेमके तेच करता येत नाही.

जाता जाता ‘नाताळ’ या शब्दाविषयी. तो पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला असून मूळ अर्थ जन्माशी निगडित आहे. १४९७ च्या डिसेंबरात भारताच्या वाटेवर असलेल्या वास्को द गामाने आफ्रिकेच्या किनाऱ्याला याच सणावरून नाताल हे नाव दिले. मराठीत तो पुल्लिंगी आहे, म्हणून ‘नाताळ केला’. ‘नाताळ साजरी केली’ हे ‘दिवाळी’च्या वळणाने झालेले रूप छापील मजकुरात नसावे. ‘नाताळाचा’ आणि ‘नाताळचा’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत, मात्र एका लेखात एकच ठेवावे.

प्रश्नकर्त्यांनी वाक्य असे करून पाहावे : ‘मिशनवर असताना आलेला पहिला नाताळ मी घरच्यांशिवाय, तिथल्याच माणसांबरोबर केला.’ ‘तिथल्याच माणसांबरोबर’ हे शब्द तिच्या पहिल्या वाक्यात नाहीत, पण पुढचा सारा लेख त्यांच्याविषयीच आहे, तेव्हा एवढी मोकळीक घ्यायला हरकत नसावी. घ्यायची नसेल, तर ‘घरच्यांशिवाय केला’ इतकेही पुरेल.