रेटिक्युलोसाइटच्या एक्झोसोममधील प्रथिने: हिमोग्लोबिनमुळे बाकीची दिसत नाहीत

प्रश्न (विद्यार्थिनी, परळ):
नाळेच्या रक्तातील रेटिक्युलोसाइट (अपरिपक्व तांबड्या पेशी) पोषक माध्यमात वाढवून त्यांनी सोडलेले एक्झोसोम (अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे पटलाच्या पिशव्या) मी अल्ट्रासेंट्रिफ्यूजने (अतिवेगाने फिरवणाऱ्या यंत्राने) गोळा करते. परंतु मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमानावरून प्रथिने ओळखणाऱ्या यंत्रावर) हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन इतके भरते की विरळ प्रथिने झाकली जातात. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (जीवरसायन, कालिना):
अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन बहुधा माध्यमात घातलेल्या सीरमचे (रक्तातील पेशीविरहित द्रवाचे) असावे. गाईच्या सीरममध्ये तिचे स्वतःचे एक्झोसोमही असतात, म्हणून सीरमविरहित माध्यम वापरणे श्रेयस्कर. हिमोग्लोबिन मुख्यतः फुटलेल्या पेशींतून येते. आकारानुसार विलगीकरण करणाऱ्या स्तंभातून नमुना नेल्यास ते बरेच मागे राहते. ट्रान्सफेरिन रिसेप्टर (पेशीत लोह आणणारे पटलावरील प्रथिन) मात्र सापडलाच पाहिजे, कारण परिपक्व होताना पेशी तो याच पुटिकांतून टाकून देते, आणि १९८३ मध्ये मेंढी व उंदरांच्या रेटिक्युलोसाइटमध्ये हीच क्रिया दिसल्यामुळे एक्झोसोमचा शोध लागला.

उत्तर (रक्तविज्ञान, शीव):
रेटिक्युलोसाइट माध्यमात घालण्याआधी प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कसोशीने काढाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. त्याही पुटिका सोडतात, आणि मग कोणते प्रथिन कोणाचे हे ठरवता येत नाही. बँड ३ सारखी पेशीच्या सांगाड्याला जोडलेली प्रथिने मुबलक आढळली, तर फुटलेल्या पेशींच्या पटलाचे तुकडे मिसळल्याची शंका घ्यावी.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या हिवतापाचा परजीवी याच ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या आधारे रेटिक्युलोसाइटमध्ये शिरतो, त्यामुळे मुंबईत हे काम नेटाने व्हावे असे मला वाटते. प्रथम माध्यम बदलते.