विषय: सुट्टीतला खाऊ, भेटी आणि वीस पाहुणे

नमस्कार मंडळी,

येत्या सुट्टीत आम्हाला चार घरी जेवायला बोलावलंय आणि एका संध्याकाळी आमच्याकडे वीस जण येणार आहेत. रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि दुकानातली तयार टोपली उचलून द्यायला मन घेत नाही. हाताने केलेलं काहीतरी द्यावं असं वाटतं. लसूण-मिरची घातलेलं ऑलिव्ह तेल डोक्यात आहे, त्यासाठी छान बाटल्याही आणून ठेवल्यात. शिवाय व्हॅनिलाचा अर्क आणि चॉकलेट करायचा विचार आहे. हातात तीन आठवडे आहेत. यातलं काय जमेल, काय टिकेल?

दुसरं म्हणजे, मागच्या वेळी सगळे गेल्यावर लक्षात आलं की मी एकाशीही धड बोलले नाही. सगळी संध्याकाळ ओट्याशीच गेली. ते मला फार लागलं. यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये.

आपली,
एक नवीन सभासद


उत्तर: सुट्टीतला खाऊ, भेटी आणि वीस पाहुणे

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. राग मानू नकोस.

भेट ज्या घरी जाणार, त्या घरच्या फ्रिजचा विचार आधी कर. सुट्टीत सगळ्यांचे फ्रिज गच्च असतात. आपण क्रीमचा केक घेऊन उभे राहिलो की यजमानीणबाई पाहुण्यांना सोडून जागा करायला पळणार, आणि तिने ठरवलेलं गोड बाजूला राहणार. म्हणून फ्रिजबाहेर तीन-चार आठवडे राहील असंच काही ने, आणि हातात देताना "हे तुमच्यासाठी आहे, आज उघडू नका" असं तोंडाने म्हण. तेवढ्याने त्या बाईचा जीव भांड्यात पडतो.

माझी हुकमी भेट म्हणजे संत्र्याच्या सालीच्या पाकवलेल्या काड्या. जाड सालीची सहा संत्री घे, चांगली घासून धू. पांढऱ्या भागासकट सालीच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या काड्या काप. गार पाण्यात टाकून उकळी आण, पाणी ओतून दे. असं तीनदा. हे कंटाळवाणं आहे, पण कडूपणा त्या पाण्याबरोबरच जातो, दोनदात भागत नाही. मग दोन वाट्या साखर, दोन वाट्या पाणी, आणि अगदी मंद आचेवर तासभर, काड्या काचेसारख्या पारदर्शक दिसेपर्यंत. चमचा घालू नकोस, पाक साखर धरतो. ढवळावंसं वाटलं तर भांडंच अलगद फिरव. जाळीवर रात्रभर वाळव, साखरेत घोळव, घट्ट झाकणाच्या डब्यात भर. महिनाभर उत्तम राहतात. आणि खाली उरलेला पाक अजिबात टाकू नकोस. संत्र्याचा सगळा सुवास त्यात उतरलेला असतो. फ्रिजमध्ये ठेव, तुझ्या वीस जणांच्या सरबताला कामी येईल.

चॉकलेट नुसतं वितळवून साच्यात ओतलंस तर चार दिवसांत वर पांढुरका थर येतो. ती बुरशी नाही, कोकोचं लोणी वर येतं. खायला काही होत नाही, पण भेट द्यायला मन होत नाही. गडद चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळव, २८ पर्यंत निवव, पुन्हा ३१-३२ वर आण आणि मग ओत. थर्मामीटर नसेल तर या वाटेला जाऊ नकोस.

व्हॅनिलाचा अर्क तीन आठवड्यांत होत नाही, शेंगा मद्यात निदान दोन महिने मुराव्या लागतात. तरी दे. बाटलीवर "या तारखेनंतर वापरा" एवढं लिही. मला ही भेट आवडते, सुट्टी संपून गेल्यावर आपली आठवण निघते.

अक्रोड-बदाम भाजून देणार असलीस तर अक्रोड आधी चाखून घे. त्यातलं तेल लवकर खवट होतं. आणि चहा कधीही साबणाबरोबर किंवा मेणबत्तीबरोबर एका खोक्यात घालू नकोस. मी एकदा उत्तम चहा असा बांधून दिला होता. चहा शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेतो. तो कोणाला पिता आला नसणार, आणि मला तसं कोणी सांगितलंही नाही.

लसणाचं तेल मीही गेली कित्येक वर्षं देते, कधी काही झालं नाही. ते कर खुशाल.

मावशी


उत्तर: सुट्टीतला खाऊ, भेटी आणि वीस पाहुणे

> लसणाचं तेल मीही गेली कित्येक वर्षं देते, कधी काही झालं नाही.

मावशी, तुमच्या काड्यांचा मी चाहता आहे आणि तुम्हाला दुखवायचं नाही. पण अन्नसुरक्षेच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलंय, म्हणून गप्प बसवत नाही. ताई, ताज्या लसणाचं तेल करून बाहेर ठेवायचं आणि भेट द्यायचं, हे कृपया करू नका.

लसूण जमिनीत वाढतो, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतातच. एरवी ते निपचित पडून राहतात. त्यांना जागं व्हायला हवा नको, आंबटपणा नको, गारवा नको. तेलात बुडवलेल्या लसणाच्या पाकळीला नेमकं हेच मिळतं. घरच्या उकळीने बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली १२१ अंश लागतात. जे विष तयार होतं त्याला ना वास ना चव, आणि ते श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातं. १९८५ मध्ये व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात बाहेर ठेवलेल्या लसूण-तेलामुळे ३६ जण आजारी पडले होते. लसणाचं तेल हवंच असेल तर घरी करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

तुमच्या बाटल्या मात्र वाया जायला नकोत. तेलाऐवजी व्हिनेगर वापरा. पाच टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये या जिवाणूची वाढ होत नाही, तिथे लसूण, मिरची, मिरी सगळं चालतं. बाटल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. मिरच्या धुऊन कोरड्या पुसा. व्हिनेगर उकळी येण्याच्या बेताला आलं की ओता, झाकण धातूचं नको. अंधारात दोन-तीन आठवडे. तुमच्याकडे बरोबर तेवढेच आहेत.

लेबलबद्दलही लिहितो. घरच्या खाऊवर आपण नाव आणि रिबन लावतो, आत काय आहे ते लिहीत नाही. सुकामेवा, तीळ, दूध, अंडं, गहू, सोया यांतलं काही असेल तर स्पष्ट लिहा. अमेरिकेत तर २०२३ पासून पाकिटांवर तीळही सक्तीच्या यादीत आला. अर्कातलं मद्य, मार्शमेलोतलं प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन, काही चीजमधलं दूध फाडायला वापरलेलं वासराच्या जठरातलं रेनेट, हे न खाणारे लोक आपल्या ओळखीत असतात आणि संकोचाने विचारत नाहीत. मध देत असाल तर "वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये" ही ओळ हवीच.

वीस जणांच्या जेवणाचं एकच सांगतो. मांडलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, आणि उरलेला भात रात्रभर ओट्यावर तर मुळीच नको. भातात तयार होणारं एक विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. सगळं एकदम मांडण्यापेक्षा लहान भांड्यांत मांडा आणि आतून भरून आणा.


उत्तर: सुट्टीतला खाऊ, भेटी आणि वीस पाहुणे

लहान भांड्यांना माझा दुजोरा. पण वहिनी, आतून भरून आणायला तुम्ही जाऊ नका. ते काम आधीच कोणाला तरी नाव घेऊन सांगून ठेवा. पाहुणे दारातच "काही मदत करू का?" विचारतात, आपण "छे छे, बसा" म्हणतो, आणि मग रात्रभर एकटेच राबतो. "हो, पाण्याचे जग तुमच्याकडे" असं सांगून पाहा. ज्याची फारशी ओळख नाही तो माणूस त्या कामाच्या निमित्ताने चार जणांशी बोलतो.

संध्याकाळ बिघडते ती पहिल्या अर्ध्या तासात. लोक एकेक करून येतात, हात रिकामे असतात, आणि यजमान कढईशी. म्हणून पेयाचं टेबल दारापासून दिसेल अशा जागी, स्वयंपाकघरापासून लांब लावा. मावशींचा संत्र्याचा पाक तिथे उत्तम. एका ग्लासाला ३० मिलिलिटर पाक, १५० मिलिलिटर सोडा, लिंबाची फोड. वीस जणांना ६०० मिलिलिटर पाक आणि तीन लिटर सोडा होतो, पण दुप्पट ठेवा. मद्य न घेणाऱ्याला नुसतं पाणी मिळतं आणि बाकीच्यांना सुंदर ग्लास, हे मला बरं वाटत नाही. पहिलं पेय सगळ्यांना एकच असावं.

बर्फ नेहमी कमी पडतो. माणशी अर्धा किलो धरा, म्हणजे दहा किलो. बाटल्या गार करायला नुसत्या बर्फात खोचू नका, बर्फात पाणी घाला. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, अर्ध्या तासात काम होतं. फसफसणारी वाइन उघडणार असाल तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा छोटे ग्लास होतात, म्हणजे वीस जणांना चार बाटल्या. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण सहापट असतो. बाटली कोणाच्या तोंडाकडे धरू नका, बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा.

कोणाकडे वाइन भेट न्यायची असेल तर आधी त्या घरी चालते का ते विचारा, आणि गार करून नेऊ नका. गार बाटली पाहिली की यजमानाला ती लगेच उघडावीशी वाटते.


उत्तर: सुट्टीतला खाऊ, भेटी आणि वीस पाहुणे

माझ्या कपाटात लसणाच्या तेलाच्या दोन बाटल्या होत्या, आज टाकून दिल्या. गेल्या महिन्यात ज्या तिघींना दिल्या होत्या त्यांना फोन करून टाकायला सांगितलं. एकीची अजून उघडलीही नव्हती. लिहिलंस ते फार बरं केलंस बाळा.

मावशी


उत्तर: सुट्टीतला खाऊ, भेटी आणि वीस पाहुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिरचीचं व्हिनेगर भरलं, सहा बाटल्या. साली आज तिसऱ्यांदा उकळल्या, घरभर संत्र्याचा वास आहे. थर्मामीटर नाही, म्हणून चॉकलेट रद्द केलं. व्हॅनिला बाटल्यांत घातली आणि प्रत्येकीवर अडीच महिन्यांनंतरची तारीख लिहिली.

पाण्याचे जग, ताटं उचलणं आणि भांडी भरून आणणं, तिन्ही कामं तीन जणांना आजच फोनवर सांगितली. तिघेही लगेच हो म्हणाले. एक काका तर म्हणाले, बरं झालं, मला गर्दीत काय बोलावं ते कळत नाही.

आता एकच अडचण उरली आहे. दहा किलो बर्फ मावेल असं आमच्याकडे काही नाही. कोणाकडे मोठी बर्फपेटी असेल आणि दोन दिवसांसाठी देता येत असेल तर कृपया मला वेगळी मेल करा, मी येऊन घेऊन जाईन.