दुसरीतल्या पोराचा होमवर्क नक्की कुणाचा? आणि कन्नड वाचता न येणाऱ्या आयांनी काय करायचं?

शहापूरची_आई:
नमस्कार सगळ्यांना. माझं माहेर चंदगडचं, लग्न होऊन बेळगावात येऊन नऊ वर्षं झाली, कन्नड येतंय म्हणजे मंडईत "एष्टु" विचारण्यापुरतं, लिहा-वाचायच्या नावानं बोंब. मुलगा दुसरीत, इंग्लिश मिडीयम. साडेतीनला व्हॅन सोडते, खाऊन गल्लीत पळतो आणि दिवाबत्तीला वही उघडली की नऊ वाजेपर्यंत आमची रडारड. ह्यांची उद्यमबागेत सेकंड शिफ्ट, त्यामुळं सगळं माझ्यावरच. मागच्या आठवड्यात कन्नडचं एक पान लिहून दाखवलं, अक्षर मोत्यासारखं, मी शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या पानावर लाल पेन! का तर साहेबांनी प्रत्येक शब्दावर आडवी रेघ मारलेली, सासूबाई घरी मराठी शिकवतात ना तशी. मला ते कळलंच नाही ओ. आणि परवा तर रात्री पावणेनऊला ग्रुपवर मेसेज, उद्या पाच प्रकारची पानं वहीत चिकटवून आणा. मोबाईलची बॅटरी लावून मी खाली उतरले तर आमच्याच व्हॅनमधल्या दोन पोरांच्या आया आधीच चाफ्याखाली हजर. ट्युशन लावू का? की अजून काही करता येईल?

निपाणीची_मावशी:
अगं ट्युशन नको लावू इतक्यात, सात वर्षाचं पोर ते, शाळेतनं आलं की परत कुठं बसवतेस. माझ्या नातवाला लावली होती, तिथं दुसऱ्या पोरांचं बघून उतरवून यायचा, वही पूर्ण आणि डोकं रिकामं. आणि होमवर्क खेळून दमल्यावर काढू नको, आल्या आल्या दूध पिऊन वीस मिनिटं, मग काय ते उंडारू दे. दिवाबत्तीला पोरं निम्मी झोपेतच असतात.

रिटायर्ड_गुरुजी_खानापूर:
ताई, तुमच्या मुलाची चूक ही चूक नव्हे, हुशारी आहे, त्यानं एका लिपीचा नियम दुसरीला लावला. आमच्या मराठी शाळेत कन्नडच्या तासाला निम्मा वर्ग हेच करायचा. कन्नडला सलग रेघ नसते, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर छोटी खूण असते तिला तलकट्टू म्हणतात, ती ज्या त्या अक्षराची वेगळी. दुसरी गोष्ट अनुस्वार, आपण वर टिंब देतो, तिथं अक्षराच्या शेजारी पूज्यासारखा गोल येतो. जोडाक्षरात आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडमध्ये पहिलं पूर्ण लिहून दुसरं त्याच्या पायाशी, त्याला ओत्तक्षर म्हणतात. आणि सगळ्यात जास्त अडतं ते ए आणि ओ ला, कारण तिथं ते दोन दोन आहेत, तोकडा आणि लांब. एरडु (दोन) मधला ए तोकडा, एळु (सात) मधला लांब. आपल्या कानाला तो फरकच लागत नाही, म्हणून आधी तोंडानं म्हणून घ्या आणि मग लिहायला लावा. बाकी क ख ग घ चा क्रम तोच, कागुणित म्हणजे आपली बाराखडीच, तुम्ही स्वतः रोज चार अक्षरं गिरवलीत तर दोन महिन्यांत बसच्या पाट्या वाचाल. कन्नड टळणार तर नाहीच, कर्नाटकच्या 2015 च्या कायद्यानं ते सगळ्या शाळांना आहे.

आणि एक, 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत होमवर्क नकोच असं स्पष्ट म्हटलंय, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. इथल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरी नलीकली नावाची पद्धत, पोरं गटात बसून कार्डं घेऊन शिकतात, 1995 ला म्हैसूरकडं एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालं ते. फी भरणाऱ्या पालकांना मात्र वही भरलेली दिसली पाहिजे, हे मी पन्नास वेळा ऐकलंय.

यळ्ळूरवाला:
गुरुजींचं सगळं पटलं पण होमवर्कच नको हे नाही पटत. माझी पोरगी तिसरीत, सुट्टीत आठ दिवस वही उघडली नाही तर पाढे विसरते, रोज थोडं पाहिजेच की. माझा राग प्रोजेक्टवर. गेल्या वर्षी "ऐतिहासिक स्थळ" करून आणा म्हणाले, वर्गातल्या निम्म्या लोकांनी खडेबाजारातनं थर्माकोलचा तयार किल्ला आणला, साडेचारशे रुपये. आमची पोरगी दिवाळीत गल्लीत दगडमाती घेऊन राजहंसगड करते, बुरूज कुठं, तटबंदी कुठं सगळं तोंडपाठ, तिनं पाटावर मातीचा करून नेला तर नीटनेटका नाही म्हणून बी ग्रेड! तयार आणलेल्याला ए. पोरगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या प्रोजेक्टला म्हणाली पप्पा विकतच आणूया.

निपाणीची_मावशी:
अय्यो, बिचारी. दप्तर पण तसंच की ओ, दोन किलोच्या आत पाहिजे म्हणतात पहिली-दुसरीला, नातवाचं किराणा दुकानात काट्यावर ठेवलं तर साडेतीन!

शहापूरची_आई:
सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमचा मेसेज प्रिंट काढून फ्रीजला लावलाय. काल मिसना भेटले, भांडायला नाही, इतकंच म्हटलं की साहित्य आणायचं असलं तर दोन दिवस आधी सांगा आणि कन्नडचं पान वर्गातच एकदा म्हणून घ्या. त्या म्हणाल्या पालकच मागतात हो होमवर्क, पण साहित्याचं मान्य केलं. वेळ पण बदलली, चारला दूध, वीस मिनिटं, झालं. दोन दिवस जमलं, तिसऱ्या दिवशी गल्लीत क्रिकेट होतं.

यळ्ळूरवाला:
आणि पानांचं काय झालं शेवटी? तपासली का?

शहापूरची_आई:
कुठलं ओ. वही अजून दप्तरातच आहे. त्या रात्री फेविकॉल संपलेला म्हणून मैद्याची खळ केली होती, आता आतनं मुंग्या निघाल्यात.