चार्म: आधी मंत्र, मग ताईत
इंग्रजी 'चार्म' म्हणजे मोहक व्यक्तिमत्त्व, असं आपण सहज म्हणतो. बरोबर आहे, पण तो अर्थ बराच नंतरचा. मूळ लॅटिन शब्द 'कार्मेन', म्हणजे गाणं, पद्य आणि मंत्रसुद्धा. फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा चार्म म्हणजे म्हणायचा मंत्रच होता. ताईत हा अर्थ पुढे चिकटला. आपलं 'मंतरलेलं' तसंच की!

परवा नाशिकच्या सराफ बाजारात भाचीसाठी चार्म ब्रेसलेट बघत होते. साखळीला इवलंसं चांदीचं घुबड, आणि त्याच ट्रेमध्ये काळ्या दोऱ्यातला बाळाचा ताईत. किती वेळ दोन्ही तळहातावर घेऊन बसले! आजी मला 'गळ्यातला ताईत' म्हणायची, तिथेही ताईत मायेचाच झालाय.