मदत हवी आहे: एफआरआरमध्ये फक्त पाहण्यापुरता प्रवेश कसा द्यावा?

लिनक्स सर्व्हरवर एफआरआर (सर्व्हरला राउटर बनवणारे मुक्त सॉफ्टवेअर) बसवून बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) सुरू केले आहे. त्याचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) २६०५ पोर्टवर टेलनेटने बोलतो आणि टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जातो, म्हणून डीमनच्या पर्यायांत पोर्ट ० देऊन ते दारच बंद केले. आता एसएसएचने (सांकेतिक, सुरक्षित जोडणीने) सर्व्हरवर शिरून व्हीटीवाय शेल, म्हणजे एफआरआरला आज्ञा देण्याचा प्रोग्राम, वापरतो.

अडचण सहकाऱ्याची आहे. त्याला शेजारी राउटरांची स्थिती दिसावी, पण कॉन्फिगरेशनला हात लावता येऊ नये. व्हीटीवाय शेल ज्या सॉकेटमधून डीमनशी बोलतो, त्याच्या लिनक्स गटात घातले, तर तो सगळेच बदलू शकतो. सुडोमध्ये (नेमून दिलेल्या आज्ञा वरच्या हक्कांनी चालवू देणाऱ्या सोयीत) ‘शो’ या पाहण्याच्या आज्ञेपुढे ‘काहीही चालेल’ अशा अर्थाचे तारांकन ठेवावे, तर त्याच तारांकनाच्या आडून दुसरी आज्ञाही जोडता येते (हे मला उशिराच उमगले). ठरावीक आज्ञांची स्क्रिप्ट लिहून त्याची एसएसएच की तिच्याशीच बांधावी, हे पुरेसे सुरक्षित ठरेल का?