प्रति: पुजाद खासदार होता का?
फ्रान्समधला छोट्या दुकानदारांचा नेता पिएर पुजाद खासदार होता असं वर कुणीतरी म्हटलंय, पण तो स्वतः संसदेवर कधीच निवडून आला नाही. सँ-सेरे या छोट्या गावात वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणारा माणूस, १९५३ च्या जुलैत टॅक्सवाले हिशेब तपासायला आले तेव्हा गावातले दुकानदार गोळा करून त्यांना सरळ परत पाठवलं आणि तिथून करांविरुद्ध दुकानदारांची संघटनाच उभी राहिली. १९५६ च्या संसदेच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ५२ जागा! त्यातच सत्तावीस वर्षांचा ल पेन (पुढे कट्टर उजव्यांचा नेता झाला तो) पहिल्यांदा संसदेत गेला. पुजाद मात्र १९५७ ला पॅरिसच्या पोटनिवडणुकीत आपटला. छोट्या दुकानदारांचा राग मला पटतो, पण माजी पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स ज्यू म्हणून त्याच्यावर पुजादने ओकलेली गरळ अजिबात नाही. आणि गंमत म्हणजे १९८१ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हाच माणूस समाजवादी मितराँच्या बाजूने!