प्रतिसाद : दिनीन यांच्या कोशाच्या दोन आवृत्त्या

वरील चर्चेत पाद्री पॅट्रिक दिनीन यांच्या आयरिश-इंग्रजी कोशाचा उल्लेख केवळ १९०४ची आवृत्ती गृहीत धरून झाला आहे, म्हणून थोडी भर घालतो. आयरिश टेक्स्ट्स सोसायटीने काढलेल्या त्या सुमारे आठशे पानी कोशाचे छपाईचे साचे १९१६च्या ईस्टर उठावात, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयरिश बंडात, डब्लिनमध्ये नष्ट झाले. तेव्हा पंचावन्न ओलांडलेल्या दिनीन यांनी जुनाच मजकूर पुन्हा जुळवून देण्याऐवजी काम नव्याने विस्तारले, आणि १९२७मध्ये तेराशेहून अधिक पानांचा कोश सिद्ध झाला. आज 'दिनीन' म्हटले की अभ्यासकांना अभिप्रेत असतो तो बहुधा हाच.

आयर्लंडच्या केरी परगण्यात १८६०मध्ये जन्मलेल्या या माणसाच्या कानात मन्स्टरची, म्हणजे केरी ज्यात येते त्या दक्षिणेकडील प्रांताची, बोली होती आणि कोशातही ती जागोजागी ऐकू येते. 'कुर' हा एकच आयरिश शब्द घ्या : ठेवणे, पाठवणे, पेरणे, पुरणे, शिवाय पाऊस किंवा बर्फ पडणे आणि घाम येणेही त्यातच, आपल्या 'लावणे'ची आठवण व्हावी असा हा पसारा. अशा नोंदींतील अर्थांच्या लांबलचक माळांची 'आयरिश टाइम्स'मधील स्तंभलेखक माइल्स ना गोपलीन यांनी पुढे यथेच्छ टर उडवली. ती वाचताना हसू येते, हे मान्य. परंतु शेत, गुरे आणि हवामान यांचे इतके बारकावे टिपणारा कोश आटोपशीर कसा राहणार होता, हे मला तरी उमगत नाही.